कॉम्प्रेसरशेजारचं यंत्र

हवेत काय आहे ते नाकाला सगळ्यात आधी कळतं. पण नाक नोकरीत असेल तर ते कळवत नाही. म्हणून रंगाच्या कारखान्याने ऐकणारं यंत्र आणलं. नळीतल्या हवेवर लेसरचा प्रकाश भराभर चालू-बंद करायचा. ज्या वायूला तो प्रकाश पचतो, तो तापतो, फुगतो, आकसतो आणि बारीक कुरकुरतो. ती कुरकुर माइक टिपतो. शंभर कोटींत एक कण कुरकुरला तरी यंत्राला ऐकू जातं. (एकशे चाळीस कामगार एकदम कुरकुरले तर ते ऐकण्याची सोय अजून निघालेली नाही.)

यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाची बायको डबे भरायच्या खात्यात होती. रोज दुपारी तीनला तिचं डोकं ठणकायचं. यंत्रावरचा वायूचा आकडा मर्यादेच्या वर गेला, तर त्या खात्यात हवा ओढणारा पंखा बसणार होता.

आकडा चौपट आला.

समितीने पाच बैठका घेऊन मूळ कारण शोधलं : शांतता. एवढ्या शांततेत कोणीही काहीही ऐकेल! सबब धडधडणारा मोठा कॉम्प्रेसर उचलून यंत्राला खेटून बसवण्यात आला. पडद्यावर नुसत्या रेघोट्या उमटू लागल्या. अहवाल तयार झाला : 'वायू ऐकू आला नाही.' (हे खरंच होतं. साहेबही ऐकू आले नाहीत.)

"सही केलीस?" बायकोने विचारलं.

"नाही अजून."

"मग करून टाक. एक डोकं दुखतंय तेवढं पुरे. नोकरी गेली तर दोन दुखतील."

तंत्रज्ञाने सही केली नाही. दहा मिनिटं कॉम्प्रेसर बंद ठेवून त्याने पुन्हा मोजलं आणि आकडा फाटकावर चिकटवला.

तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडच्या इमारतीतले अकरा रहिवासी आले. तंत्रज्ञाचा ऊर भरून आला.

"भाऊ, तो कागद आधी काढा," पुढच्या काकू म्हणाल्या. "काल फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईक फाटकावरूनच पळालं."

"अहो काकू, पण हाच गॅस तुमच्या घरात येतोय!"

"येऊ दे की. तो कुठे बोलतोय? बोलतंय ते तुमचं मशीन."

जनभावनेचा आदर राखून कागद काढण्यात आला, कॉम्प्रेसर चोवीस तास चालू झाला आणि पंख्याऐवजी डबे भरायच्या खात्याला डोकेदुखीच्या गोळ्यांची एक बरणी मंजूर झाली.

त्या अकरा जणांत तुम्ही नव्हतात, हे मान्य. तुम्ही तुमचा फ्लॅट अजून विकायला काढलेला नाही, एवढंच.