झिपररावांची खिंड

एका जंगलात, चैत्र वद्य नवमीला, सकाळी सात वाजता अध्यक्षांची बैठक भरली. ठिकाण : आटलेल्या तळ्याचा काठ. हजर : अध्यक्ष झिपरराव अस्वल, सल्लागार कस्तुरे उदमांजर आणि खिंडीची राखणदार तानूबाई घोरपड. विषय एकच. निवडणूक दुसऱ्या दिवशी होती आणि जंगलात खायला काही नव्हतं.

मुलांनो, नीट बसा. या जंगलात मतपेटी नव्हती. दर पाच वर्षांनी सगळी चरणारी जनावरं दोन कातळांमधल्या खिंडीतून एकेक करून जायची. जो अडकला, तो अध्यक्षाच्या कारभारात गलेलठ्ठ झाला, असं मानायचे. त्याचं मत अध्यक्षाला. जो सुळकन निघाला, तो वाळला. त्याचं मत विरोधात. तोंड खोटं बोलतं, अंग बोलत नाही, असं पूर्वज म्हणत. (हत्ती आणि उंदीर यांना मत नव्हतं. का, ते विचारू नका. हत्ती रागावतो.)

निम्म्याहून जास्त सुटले, की अध्यक्ष घरी जायचा. आणि दुष्काळ पडला असं मानून देवराई सगळ्यांना खुली व्हायची. एरवी तिथल्या पानाला कुणी तोंड लावायचं नाही, असा नेम होता.

त्या वर्षी मोह फुलला नव्हता. टेंभुरणीला फळ नव्हतं. गवत तर गेल्या पौषातच संपलं होतं. अध्यक्ष तेवढे गुटगुटीत होते.

"शेजारच्या जंगलानं आपले ढग पळवले, असं सांगू का?" झिपररावांनी विचारलं.

"मागच्या वेळी सांगितलं, साहेब."

"मग आधीच्या अध्यक्षानं मोहाची मुळं खाल्ली?"

"तेही सांगून झालं," कस्तुरे म्हणाला. "साहेब, पोटं भरणं आता आपल्या हातात नाही. पण पोटं मोठी ठरवणं आहे." आणि तो खिंडीकडे बघत बसला.

तानूबाईंना तेव्हा काही कळलं नाही. कळलं ते दुसऱ्या दिवशी पहाटे.

खिंड मोजायची त्यांची एक रीत होती. त्या आडव्या पडायच्या. नाक एका कातळाला टेकलं, की शेपटीचं मूळ बरोबर दुसऱ्याला टेकायचं. आईनं असंच मोजलं होतं, आजीनंही. त्या दिवशी त्या आडव्या पडल्या आणि त्यांच्या पाठीला बाक आला. दोन्ही बाजूंना एकेक नवा दगड होता. वर ओलं शेवाळ थापलेलं होतं.

"कस्तुरे, खिंड अरुंद झालीय!"

"खिंड नाही झाली अरुंद," कस्तुरे गोड आवाजात म्हणाला. "तुम्ही वाढलात, बाई. पाच वर्षांत केवढी प्रगती! नजर लागेल."

"अरे, मी काय काल जन्मले? हे दगड कुणी आणले?"

"बाई, तुमचं काम काय? अडकला तर 'अडकला' म्हणायचं, सुटला तर 'सुटला' म्हणायचं. त्यात एक शब्द खोटा बोला, असं कुणी सांगितलंय का तुम्हाला?"

कुणी सांगितलं नव्हतं. तानूबाई खिंडीच्या तोंडाशी जाऊन बसल्या.

रांग लागली. अध्यक्ष वरच्या कातळावरून भाषण करत होते. "बंधूंनो, पोटात कालवतंय? ती भूक नाही. ती पचनशक्ती! असं पचन या जंगलाचं कधीच नव्हतं!"

पहिली चितळीण आली. बरगड्या कुणीही मोजाव्यात. खांद्यापाशी अडकली.

"अडकली!" तानूबाई ओरडल्या. ते खरं होतं.

"अगं बाई, अडकले की मी!" चितळीण हरखली. "नुसत्या वाऱ्यावर जगतेय, तरी अंग सुटलंय बघ."

"तुझ्या अंगाला लागतं गं," मागची चौशिंगी फणकारली. "आमच्या कुठं लागतंय!" मग ती आत घुसली, कशीबशी पार झाली आणि शरमेनं मान खाली घालून उभी राहिली.

मुलांनो, तिथून पुढं गंमतच झाली. जनावरं अडकायला धडपडू लागली. कुणी श्वास कोंडून पोट फुगवलं. एका सांबरानं तर अडकून झाल्यावर मागच्याला तंबी दिली, "ढकलू नकोस. श्रीमंतीची लाज वाटतेय का तुला?" अडकलेल्यांना वेली बांधून मागं ओढत, की ती मिरवत निघून जायची.

दुपारपर्यंत अर्धी जनावरं अडकली आणि अर्धी सुटली. अगदी बरोबरीत. राहिलं एकच भेकर, भिवा.

भिवा म्हातारा होता. चार दिवस त्याच्या पोटात काही नव्हतं. तानूबाईंच्या बिळाशेजारीच त्याचं झुडूप होतं.

"बाई, मी निघणार बघ," तो हळूच म्हणाला. "माझ्यात आता अडकण्यासारखं राहिलंय काय? मी निघालो, की देवराई उघडेल. संध्याकाळी कोवळा पाला खाऊ. तुला तिथली अंडी."

तो आत शिरला. डोकं गेलं. छाती गेली. मग कमरेची हाडं दोन्ही दगडांना लागली आणि भिवा थांबला.

सगळ्यांच्या माना तानूबाईंकडे वळल्या.

"बाई, हे मांस नाही, हाडं आहेत," भिवा म्हणाला. "मी भुकेला आहे. सांग ना त्यांना."

तानूबाईंनी वर पाहिलं. झिपरराव बोटं चाटत होते. त्यांच्या मिशीला देवराईतल्या पोळ्याचा मध होता. कस्तुरेनं नुसती भुवई उडवली.

"बाई, एक शब्द," तो म्हणाला. "आणि खराच."

"अडकला," तानूबाई म्हणाल्या.

जंगलभर जल्लोष उसळला. वेली ओढणारी जनावरं वेली टाकून मिरवणुकीत पळाली. 'समृद्ध जंगल, झिपरराव मंगल' अशा घोषणा दूरपर्यंत ऐकू येत होत्या. तानूबाईंनी भिवाचं शेपूट तोंडात धरून ओढलं. घोरपडीची पकड मोठी असते म्हणतात. पण तिला चिकटून राहता येतं, ओढता येत नाही.

सूर्य मावळायच्या आत भिवा गेला. कस्तुरेनं भूर्जपत्रावर कारण लिहिलं : अतिपोषण. तानूबाईंना मात्र त्याच्या तोंडात शेवाळाचा एक तुकडा सापडला. खिंडीच्या दगडावरचा, चाटून काढलेला. पोटात तेवढाही नव्हता.

त्यांनी शेवाळ खरवडून दगड पाहिले. त्यांच्या बुडाला नदीची वाळू होती. नदी तिथून दीड कोसावर. असे दगड तिथून उचलून आणतील अशी दोनच जनावरं त्या जंगलात आहेत, हत्ती आणि आणखी एक. वाळूत लांब, काळे, राठ केस चिकटले होते. ते केस कुणाचे, हे तानूबाईंनी तीन वेळा भर सभेत विचारलं. उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, प्रजा उपाशी असली तरी तिचं पोट भरायची गरज नसते, दार आवळलं की भागतं. आणि मोठेपणी राखणदार झालात, तर नेहमी खरंच बोला. खोटं बोलणाऱ्याची गरज कुठल्याच अध्यक्षाला नसते. विचारलं तेवढंच खरं बोलणारा मिळाला, की पाच वर्षं निघतात.