थोरलं साळिंदर का रुसलं

एका जंगलात, मुलांनो, पाणवठा नव्हता, पण नाट्यगृह होतं. हसू नका. पाणवठ्याचं काम मंजूर होऊन बारा पावसाळे उलटले होते. नाट्यगृह मात्र एका उन्हाळ्यात उभं राहिलं, कारण त्याच्या उद्घाटनाला सिंहाला भाषण करता येणार होतं. पाणवठ्याच्या उद्घाटनाला कुणी भाषण ऐकत नाही. सगळे पाणी पितात.

तर तहानलेली जनावरं रोज नाटकाला यायची.

त्या जंगलात दोन साळिंदरं राहत होती. सख्खे भाऊ. थोरल्याचं नाव जगन्नाथ, धाकट्याचं गोपीनाथ. तरुणपणी दोघं मिळून एका माकडाला विनोद पुरवायचे. माकड ते विनोद दरबारात सांगायचं आणि आपल्याला आत्ताच सुचले असं दाखवायचं. जगन्नाथ बिळात येरझारा घालत बोलायचा आणि गोपीनाथ लिहून घ्यायचा. लिहायला अंगावरचाच एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा, की झालं. जगन्नाथच्या दहा वाक्यांतली नऊ वाया जायची. दहावं ऐकून गोपीनाथ गडबडा लोळायचा. साळिंदर गडबडा लोळलं की शेजारी बसलेल्यांचे फार हाल होतात, पण ते असू दे.

"गोप्या," जगन्नाथ म्हणायचा, "विनोद करायचा नसतो. प्रत्येक जनावर आपल्यापुरतं अगदी गंभीर असतं. ते जसंच्या तसं लिहायचं. मग लोक हसले तर हसले."

गोपीनाथला हे पटलं. इतकं पटलं, की त्यातून पुढचा सगळा घोटाळा झाला.

एकदा जगन्नाथनं माकडाला तोंडावर सांगितलं, "तुला विनोद कळत नाही." माकडानं त्याला त्याच दिवशी हाकललं. गोपीनाथला ठेवून घेतलं आणि गोपीनाथ राहिला. त्याच आठवड्यात जगन्नाथची बायको माहेरी निघून गेली. बिळाच्या तोंडाशी पडलेली पानं जगन्नाथ आकाराप्रमाणे लावून ठेवायचा आणि तिनं त्यावर पाय दिला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. नऊ वर्षं तिनं सोसलं. दहाव्या वर्षी ती त्या पानांवर नाचली आणि गेली.

मग जगन्नाथ चार दिवसांसाठी धाकट्या भावाकडे आला. तो वर्षभर राहिला.

त्या वर्षात त्यानं गोपीनाथच्या घरातले सगळे कंद सोलून, पुसून, लहानमोठे लावले. आलेल्या पाहुण्यांना नीट कसं बसावं ते दाखवलं. गोपीनाथची बायको इंदुमती जेवण वाढायची, तेव्हा तो पहिला घास घेऊन डोळे मिटायचा, बराच वेळ विचार करायचा आणि म्हणायचा, "वाईट नाही." इंदुमती आत जाऊन भांडी आपटायची.

गोपीनाथ हे सगळं बघत होता. वर्षाच्या शेवटी त्यानं एक नाटक लिहिलं. 'दादा राहायला आलेत.'

मुलांनो, त्या नाटकाला लोक इतके हसले, की छपराला लटकलेली वटवाघळं सुटून खाली पडली. तरसं तर हसलीच, पण तरसांचं हसू नाटकाच्या धंद्यात धरत नाहीत. गेंडासुद्धा हसला. त्याला अर्ध्या तासानं हसू आलं, पण आलं.

जगन्नाथ तिसऱ्या रांगेत बसला होता. तो हसला नाही. नाटक संपल्यावर तो घरी आला, आपलं सामान बांधलं आणि टेकडीच्या पलीकडे एका मोठ्या बिळात राहायला गेला. जाताना, "येतो," एवढंच म्हणाला.

ज्यानं आपल्याला लिहायला शिकवलं, त्याचीच आपण सगळ्या जंगलापुढे शोभा केली, असं गोपीनाथला वाटलं. त्यानं कान पकडले. पुन्हा दादावर एक ओळ लिहायची नाही.

पुढचं नाटक त्यानं सासूवर लिहिलं. ते पाहिल्यापासून जगन्नाथनं बोलणंच टाकलं. सणाला निरोप धाडला तरी येईना. 'बघा,' गोपीनाथ मनाशी म्हणाला, 'घरच्यांची थट्टा करायची माझी सवय जात नाही हे त्याला दिसलं. तत्त्वाचा माणूस आहे.' जनावरांमध्येही अशाला माणूसच म्हणतात, का ते मला विचारू नका.

मग गोपीनाथ जो लिहीत सुटला, तो थांबेचना. दर पावसाळ्यानंतर एक नाटक. कधी दोन. एका वर्षी चार रंगमंचांवर त्याची चार नाटकं एकाच वेळी चालू होती, आणि एका नटानं चुकून एकाचा पहिला अंक करून दुसऱ्यात जाऊन दुसरा केला. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याची कामाची पद्धत ठरलेली होती. नवं नाटक आधी आडरानातल्या चार वस्त्यांवर करून बघायचं. आपण सगळ्यांच्या मागे, रंगमंचाकडे पाठ करून उभं राहायचं आणि फक्त कान द्यायचा. जिथे हशा आला नाही तिथे तिथल्या तिथे काटा उपटून नवं वाक्य लिहायचं आणि विंगेतून नटाच्या हातात द्यायचं. नट रडकुंडीला यायचे. लोक मात्र हसायचे.

पश्चिमेच्या डोंगरावर पडद्यावरच्या हलत्या चित्रांचा धंदा निघाला होता. त्यांनीही त्याला बोलावलं. तिथे त्याच्या गोष्टीतल्या साळिंदराचं हरिण केलं, कारण हरिण पडद्यावर बरं दिसतं. मग हरणाला नाचायला लावलं. गोपीनाथ दोन दिवस रुसला आणि तिसऱ्या दिवशी पुढची गोष्ट लिहायला बसला.

घरी इंदुमती म्हणायची, "अहो, आज भांडायला नको."

"का गं?"

"तुम्ही फार लक्ष देऊन ऐकताय."

या जंगलात एक बगळा टीकाकार होता. तो एका पायावर उभं राहून टीका करायचा. दर नाटकानंतर तो लिहायचा, "हसलो. परंतु आपण का हसलो, या प्रश्नानं रात्रभर झोप लागली नाही. लेखकानं याचा विचार करावा." गोपीनाथनं विचार केला नाही असं नाही. पण बगळ्याच्या एका पायाशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला टेकडीपलीकडच्या एकाच प्रेक्षकाचं मत हवं होतं, आणि तो प्रेक्षक बोलत नव्हता.

अशी चौदा वर्षं गेली आणि चौदा वर्षांत वीस नाटकं झाली. गोपीनाथच्या पाठीवर मोजके काटे उरले. मागून पाहणाऱ्याला तो मोठा उंदीर वाटायचा. अशात एक दिवस कावळ्यानं बातमी आणली की थोरल्याची तब्येत बरी नसते. काठी घेऊन चालतो. एकटाच असतो.

गोपीनाथ त्या दिवशी जेवला नाही. त्याला रडू येत होतं आणि भीती वाटत होती. दादा असाच गेला तर? माफी मागायची राहून गेली तर? टेकडी ओलांडून सरळ जावं आणि पाय धरावेत, असं इंदुमतीनं सुचवलं. पण लेखक सरळ जात नाहीत, मुलांनो. ते आधी तीन अंक लिहितात.

त्यानं नाटक लिहिलं. 'दोन म्हातारे.' त्यात एकही विनोद नव्हता. त्यात एक थोरला भाऊ होता, शांत, सोशिक, मनानं मोठा. सगळ्यांचं ऐकून घेणारा, कुणाला कधी वाकडा शब्द न बोलणारा. आणि शेवटच्या प्रवेशात धाकटा त्याला म्हणायचा, "दादा, मी तुला हसलो नाही रे. तू येरझारा घालत बोलायचास ना, तेव्हा मला वाटायचं, हा बोलतोय तोवर आपल्याला काही होणार नाही. ते लिहिता येईना, म्हणून बाकीचं लिहिलं."

हे वाक्य लिहिताना गोपीनाथ ढसाढसा रडला. आयुष्यात प्रथमच त्यानं आडरानातले प्रयोग केले नाहीत. जसं लिहिलं तसं रंगमंचावर आणलं. जगन्नाथला तिसऱ्या रांगेतली जागा कळवली. दुपारचा प्रयोग होता. जगन्नाथ आला. काठी टेकत आला, बसायच्या आधी जागा तीनदा झाडली आणि बसला.

पडदा वर गेला. एक म्हातारा येऊन म्हणाला, "आज पाठ दुखते."

नाट्यगृह हसलं.

का हसलं? अहो, बाहेर फलकावर गोपीनाथचं नाव होतं! लोक घरून हसायच्या तयारीनं आले होते. काहींनी वाटेतच सुरुवात केली होती. दुसरा म्हातारा म्हणाला, "आई गेली ते आठवतं का?" आणि हत्ती खुर्चीवरून घसरला. हरणं एकमेकांच्या अंगावर कोसळली. गोपीनाथ मागे उभा होता. आज तो रंगमंचाकडे तोंड करून उभा होता आणि प्रत्येक हशाला त्याचा एकेक काटा शहारत होता. शेवटचा प्रवेश आला. धाकटा भाऊ थोरल्यासमोर वाकला, "दादा, मी तुला हसलो नाही रे," म्हणाला, आणि पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. लोक टाळ्या पिटत उभे राहिले होते.

प्रेक्षकांत दोघंच हसत नव्हते. एक जगन्नाथ. दुसरा बगळा. बगळा रडत होता, कारण बाकीचे हसत होते. दुसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं की लेखक अखेर मोठा झाला, आणि सिंहानं गोपीनाथला वर्षातला सर्वोत्तम प्रहसनकार म्हणून मानाचं आयाळ-पदक दिलं. पण ते नंतर.

लोक निघून गेले. तिसऱ्या रांगेत जगन्नाथ एकटाच बसून राहिला होता. गोपीनाथ त्याच्याजवळ गेला.

"दादा, ऐकलंस ना?"

"काय ऐकणार? लोकांनी ऐकू दिलं तर ना."

मग मात्र गोपीनाथनं सगळा धीर गोळा केला. "दादा, चुकलो मी. तुझं दुःखाचं वर्ष होतं आणि मी त्याचा तमाशा केला. तू घर सोडून गेलास. अख्खं जंगल तुला हसलं. मला माफ कर."

जगन्नाथनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "कुठल्या नाटकाबद्दल बोलतोयस तू?"

"'दादा राहायला आलेत.'"

"अरे, ते तर फर्मास होतं! मी अकरा वेळा पाहिलं. तोंडावर शाल घेऊन."

"मग तू हसला का नाहीस?"

"हसण्यासारखं काय होतं त्यात? सगळं बरोबर होतं. ती इंदुमती कंद कसेही ठेवायची."

"पण तू घर सोडून गेलास!"

"मग काय करू? दुसऱ्या दिवसापासून लोक भेटायला येणार, हे मला दिसत होतं. तुझ्या बिळात बसवणार कुठे त्यांना? मुद्दाम मोठं बीळ घेतलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, दादा?"

तेव्हा जगन्नाथचे उरलेसुरले काटे ताठ उभे राहिले. "हे तू मला विचारतोस? त्याच्यानंतर नाटक कुणावर लिहिलंस? सासूवर! काय कर्तृत्व आहे तिचं? मग शेजारच्या बिज्जूवर! बिज्जूवर दोन अंक, गोप्या! तो दिवसभर झोपतो! वीस नाटकं लिहिलीस आणि सख्खा भाऊ एकातही नाही. लोक विचारायचे, 'जगन्नाथराव, तुमचा पुढचा भाग कधी?' मी सांगायचो, 'लिहितोय तो, लिहितोय.' काही वर्षांनी विचारेनासे झाले." त्यानं काठीची मूठ पुसली. "मी सवयी जपून ठेवल्या होत्या तुझ्यासाठी. तीन नव्या लावून घेतल्या. मुद्दाम. एकट्यानं. बघायला कुणी आलं नाही."

गोपीनाथनं थोरल्या भावाचा पंजा धरला. चौदा वर्षं आपण जे चांगुलपणा समजून जपलं, ते या म्हाताऱ्याला एकटं टाकणं होतं, हे त्याला कळलं आणि त्याला भयंकर लाज वाटली.

"आणि आज," जगन्नाथ म्हणाला, "आजच्यातला थोरला कोण होता?"

"तूच, दादा."

"मी? तो सोशिक? समजूतदार? कुणाला वाकडा शब्द न बोलणारा?" जगन्नाथनं काठी आपटली. "माझ्यात तुला समजूतदारपणा कधी दिसला रे? अख्ख्या जंगलासमोर बदनामी केलीस माझी. आता कुणी माझ्याकडे फिरकणार नाही. माफी मागायचीच असेल तर याची माग."

"चुकलो, दादा," गोपीनाथ म्हणाला. या वेळी जगन्नाथला नीट ऐकू गेलं. त्यानं डोळे मिटले, बराच वेळ विचार केला आणि मान हलवली.

"बस इथे. पहिली सवय दाखवतो. शिंक आली की आधी सगळ्यांची परवानगी घ्यायची आणि मगच शिंकायचं. थांब हं, शिंक यायला हवी."

दोघं त्या रिकाम्या नाट्यगृहात शिंकेची वाट पाहत बसले. बऱ्याच वेळानं ती आली. जगन्नाथनं परवानगी मागितली. गोपीनाथनं दिली. तेवढ्यात शिंक निघून गेली.

खरं सांगायचं तर त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. गोपीनाथ गडबडा लोळला. जगन्नाथनं आनंदानं पाहिलं आणि म्हणाला, "आता दुसरी."

तात्पर्य : आपल्या माणसांची जाहीर थट्टा करू नये, असं मोठी माणसं सांगतात, ते बरोबरच आहे. पण एकदा सुरू केली असेल, तर मध्येच थांबवू नये. माणसं दुखावतात.