शिंपल्यांच्या चुन्याची मोहीम

बांधावरील कोल्हेवाल्या इनारीदेवास दंडवत घालून, तांबा-ससायामा प्रांती आदाची घराण्याच्या शेतात खोडकुजीचा मोड कैसा जाहला ती हकीकत निवेदन करितो. ऐकणाऱ्यांनी तोंडातला दाणा आधी गिळून घ्यावा, हसता हसता घशात अडकल्यास बखरकार जबाबदार नाही.

सदर घराण्याची मिरास काळ्या सोयाबीनची. नववर्षाच्या ताटात तो दाणा गोड शिजून न आला तर वर्ष लागले ऐसे त्या मुलखी कोणी मानीत नाही. ऐसियास खोडकुज नामे गनीम दोन पावसाळे लागोपाठ चालून आला आणि बुडाशी सुरुंग लावून उभी झाडे वाळवून गेला. मग घराण्यातील धाकटे बंधू तोराकिची यांनी फर्मान काढिले की यंदाही पीक बसले तर शेत मोडून सौर पॅनल उभे करावे. थोरल्या बंधूंच्या विधवा मात्सुएबाई यांस ते जिव्हारी लागले. सासूबाईंनी ओंजळीत घातलेले बी त्यांनी उभा जन्म राखिले होते, ते आता कोठे पेरावे या विचारे त्यांस रडू कोसळले. आणि मग रडू आवरून त्या मसलतीस बसल्या.

सहकारी संस्थेचा सल्ला आला की जमिनीत कॅल्शियम मुबलक असता खोड टणक होते आणि बुरशीस आत शिरणे जड जाते. मग कालवांच्या शिंपल्यांचा चुना मागविला, रसद दारी आली, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर चुना फेकण्याचे यंत्र बसले ते उठेचना. मुठीने उधळू जाता वाऱ्याने निम्मा चुना तोराकिची यांच्या वाळत घातलेल्या गाद्यांवर नेऊन टाकिला. तिकडून आरोळी आली, "वहिनी, शेत तिकडे आहे!"

बाई हटणाऱ्या नव्हेत. त्यांनी समाजमंदिरातून क्रीडास्पर्धेचे पट्टे आखण्याची ढकलगाडी आणिली, तीत चुना भरिला, आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत पांढऱ्या रेघा ओढिल्या. हे दृश्य आळीच्या क्रीडासमितीचे सरदार, टोफूवाले इवामोतो यांचे नजरेस पडले. आखलेला पट्टा दिसता ज्याचे पाय फुरफुरत नाहीत ऐसा माणूस त्या आळीत नाही. शिटी वाजली, आणि कपाळपट्ट्या बांधून अवघी फौज बांधावर हजर जाहली.

"मात्सुएबाई, पट्टे झकास आखलेत! सराव आजपासूनच का?"

बाईंनी क्षणभर चुन्याकडे पाहिले, मग फौजेकडे. "हो तर! यंदा नवा खेळ आहे. दंताळं ओढत पळायचं. जो खोल ओढेल तो जिंकला."

मग जे रण माजले ते काय वर्णावे! इवामोतो दोनदा पालथे पडिले आणि पांढरेशुभ्र होऊन उठिले, त्यांच्या सासूबाई सर्वांच्या पुढे निघाल्या, आणि चुना मातीत ऐसा मिसळला की यंत्रानेही लाजावे. एकटे तोराकिची ईशान्य कोपऱ्यात हाताची घडी घालून ठाण मांडून राहिले.

"माझ्या कोपऱ्यात ते पीठ नको. मी हलणार नाही."

"नका हलू, भावजी. टोपी तेवढी घाला, ऊन आहे."

मग पाऊस लागला, गनीम चालून आला, आणि टणक खोडांवर डोके आपटून बहुतेक ठिकाणी माघारी गेला. शेत हिरवेगार उभे राहिले. कुजला तो ईशान्य कोपरा, बरोबर एक माणूस हाताची घडी घालून मावेल इतका.

शरद ऋतूत हिरव्या शेंगा उकडल्या, तेव्हा तोराकिची शेंगांची वाटी घेऊन त्या कोपऱ्यापाशी गेले.

"वहिनी, हा... माझाच ना?"

"तुमचाच. पावलांसकट."

"पॅनल छपरावर बसवतो मग," ते पुटपुटले. "अजून एक वाटी मिळेल?"

येणेप्रमाणे फर्मान रद्द होऊन फत्ते जाहली. पुढील पेरणीस तोराकिची यांनी कपाळपट्टी बांधून त्याच कोपऱ्यात स्वहस्ते गाडी ढकलिली. रेघ भलतीच वाकडी आली. मात्सुएबाईंनी ती तशीच राहू दिली आणि तिच्यावरच सासूबाईंचे बी पेरिले.