आबाजीचा धांडा

ज्वारीच्या धांड्याची, म्हणजे वाळक्या ताटाची, खेळण्यातली बैलगाडी करावी तर ती मीच, असं एके काळी अख्ख्या बेला गावात बोललं जायचं. बोलणारे आता कोणी हयात नाहीत, म्हणून मीच सांगतो.

तेव्हा नातीच्या, आरोहीच्या, शाळेत आजी-आजोबांच्या कलांचं प्रदर्शन भरणार म्हटल्यावर मी छाती फुगवली. दोन घंट्यात बैलं जुंपून देतो म्हणालो. आरोहीने लगेच वर्गात जाहीर केलं की आमची गाडी चालते. चालते, असं मी म्हणालो नव्हतो. पण आता ती चालायलाच हवी होती!

पहिली अडचण धांड्यांची. आम्ही आता राहतो त्या तेलंगणातल्या आदिलाबादभोवती जिकडेतिकडे कापूस आणि सोयाबीन. शेवटी भीमपूरच्या उत्तमरावाने म्हशीच्या तोंडापुढची पेंढी उचलून दिली. म्हशीने ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही.

दुसरी अडचण माझ्या हातांची. साठ वर्षांपूर्वी ते लहान होते. पहिल्याच सालीने बोट कापलं, त्यावर कापूस गुंडाळला. चाकं चौकोनी झाली. बैल डुकरावर गेले. नातू अवधूतने मोबाइलवर वेळ लावली होती. सहाव्या तासाला त्यानेच ती बंद केली. हॉलभर पसरलेला कचरा पाहून बायकोने, सुभद्राने, माझ्याशी अबोला धरला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आस वाकडा का बसतो ते पाहायला मी फरशीवर आडवा झालो होतो. आरोही दप्तर घेऊन डोक्याशी उभी.

"आबाजी, नाई होत का?"

"होते न. मॅडमले सांग, घरी आबाजीच्या धांड्याचं चालू आहे, दुपारून आणतो."

मॅडम करीमनगरकडच्या, नव्या. मराठी शून्य. आरोहीने सगळं तेलुगूत सांगितलं, फक्त धांड्याला शब्द सापडेना म्हणून तोच ठेवला. आणि तेलुगूत 'दंडा' म्हणजे हार. आजोबाला हार! मॅडमनी घाबरून विचारलं, आजोबा कुठे आहेत? हॉलमध्ये, खाली फरशीवर. आजी? रात्रीपासून बोलत नाही. कापूस लावलाय, हे पोरीने आपणहून सांगितलं. एक शब्द खोटा बोलली नाही.

तासाभराने मी बनियनवर व्हरांड्यात धांडे बांधत बसलो होतो. फाटकाशी ऑटो थांबला. मॅडम उतरल्या, हातात झेंडूचा जाडजूड हार. माझ्या हातातली सुतळी पाहून त्यांचे डोळे भरले.

"कब ले जा रहे हैं?"

मला वाटलं, प्रदर्शनाचं विचारतायत. "दोपहर तक. गाड़ी तयार नहीं हुई."

"गाड़ी में?"

"बैलगाड़ी है ना. एक बैल का पांव टूट गया, चिपका रहा हूं."

मॅडमनी खांब धरला. "आप उनके कौन?"

"किनके?"

"आरोही के दादाजी के."

"मैं ही तो हूं."

मॅडम किंचाळल्या नाहीत, शिकलेल्या होत्या. फक्त हार पाठीमागे लपवला.

उलगडा सुभद्राने केला. त्यासाठी तिला अबोला मोडावा लागला, आणि हसू थांबेना म्हणून तो पुन्हा धरता आला नाही.

ओशाळलेल्या मॅडमनी गाडी मांडीवर घेऊन मला शाळेत नेलं. टेबलावर आरोहीने ती ढकलली. बोटभर चालली, मग बैल एकीकडे, चाकं दुसरीकडे. पोरं हसली. आरोहीची मान खाली गेलेली पाहून मॅडमनी हातातला हार झटकन त्या ढिगावर टाकला. तेवढ्यात परीक्षक आले. हार उचलून, आजोबांनी गुंफलाय का, असं त्यांनी विचारलं. मॅडम छताकडे पाहू लागल्या. मीही.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

"पण चालली न, आबाजी," आरोही वाटेत म्हणाली. "बोटभर त चालली."

घरी आल्यावर सुभद्राने तो हार ओल्या फडक्यात गुंडाळला आणि फ्रिजमध्ये ठेवला.

"हे काऊन?" मी विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "आज नाई लागला त काय झालं."