पडला तो मेला

वरच्या मजल्यावरचे रसाळकाका आमच्याकडे आले की आधी कचऱ्याच्या डब्यात डोकावतात आणि मग माझी विचारपूस करतात. एकदा टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल टाकताना मी त्यांच्या तावडीत सापडलो. "फेकू नका," ते जिन्यातूनच ओरडले, "टेकडी हाय ती."

काका मूळचे जामखेडचे, नगरच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर पुण्याच्या भाच्यानं कंटाळून टाकलेला टेबलावरच्या लढाईचा खेळ त्यांच्या हाती लागला. बोटभर सैनिक, फासे, मोजपट्टी. रणांगण मात्र आपलं आपण करायचं. तेव्हापासून घरातलं जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच, काकू खाली ताटं मांडतात. मखराच्या उरलेल्या थर्माकोलचे डोंगर, घासणी कुरतडून झुडपं, पायपुसण्याच्या काथ्याची ज्वारी. मातीसाठी वाळवलेला चहाचा चोथा लागतो, म्हणून अख्ख्या बिल्डिंगनं चहा वाढवावा असा त्यांचा आग्रह. मी कौतुकानं 'दिवाळीचा किल्ला छान झालाय' म्हणालो, तर बरेच दिवस अबोला. "किल्ला बघायचा असतो. हा मुलूख हाय, लढायचा."

लढायला दर रविवारी त्यांचे कारखान्यातले दोस्त मेहबूबभाई यायचे. दोघांचा एकच नियम कडक: सैनिक आडवा पडला की मेला. धक्का लागला, वारा लागला, काही चालत नाही. त्यापायी भर मे महिन्यात पंखा बंद.

मग मेहबूबभाईंचा हात थरथरायला लागला. डोंगरावर सैनिक ठेवायला गेले की तो शेजाऱ्यांना घेऊन कोसळायचा. काका म्हणाले, "राहू दे रे, उचल त्याला."

"नियम म्हंजे नियम. मला दया नको, रसाळ्या. आता मी येत न्हाई." आणि खरंच यायचे बंद झाले.

काकांनी टेबलावरचा सगळा मुलूख मोडला आणि नवा उभा केला. तो पाहून मला हसू आवरेना. मेहबूबभाईंच्या बाजूचे डोंगर जिन्यासारखे, रुंद पायऱ्यापायऱ्यांचे. काकांच्या बाजूला नुसते सुळके, पाय ठेवायला जागा नाही.

"काका, हे असं कसं?"

"वाऱ्यानं झीज झाली हाय तिकडं," काका माझी नजर टाळत म्हणाले. मग मेहबूबभाईंच्या घरी जाऊन "नव्या मुलखाला घाबरला व्हय?" असं डिवचून आले.

रविवारी मेहबूबभाई आले. दोन्ही हातांनी त्यांनी पहिला सैनिक पायरीवर ठेवला. तो डुगडुगला आणि उभा राहिला. दुसराही राहिला. इकडे काकांचे वीर सुळक्यांवरून धडाधड खाली येत होते.

"पडला तो मेला," मेहबूबभाई प्रत्येक वेळी खुशीत सांगत होते. काका साफ हरले.

उठताना मेहबूबभाईंनी आपल्या पायऱ्यांवरून बोट फिरवलं, समोरच्या सुळक्यांकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. काका उगाच झुडपं सारखी करत बसले.

"ह्यो डोंगर कुनी केला रं?"

"वाऱ्यानं."

"बरं," मेहबूबभाई चपला घालत म्हणाले. "पुढल्या रविवारी लवकर येतो. वारा फिरायच्या आत."