जपानची काकडी

देवघरातली तीर्थाची पळी बाहेर आणून त्या पळीने थंड पेय वाटणारा इसम मी आजवर एकच पाहिला आहे. आमच्या गोखिवऱ्याचा हरेश्वर भोईर, ऊर्फ जपान. हे टोपणनाव गावाने दिले. तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून मी लोकांचे अर्ज लिहितो, नावागावाची चूक मला खपत नाही. तरी हे नाव मीही विनातक्रार चालवले.

हरेश्वर जपानमधल्या एका कारखान्यात प्लास्टिकचे साचे चालवत असे. तो रजेवर आला की शेजारी घड्याळांची वाट पाहत आणि बॅगेतून निघत बाटल्या. तिकडच्या कंपन्या एखादा स्वाद एका हंगामापुरता काढतात व नंतर कायमचा बंद करतात. खारवलेल्या चेरीच्या फुलांचा, भाजलेल्या रताळ्याचा, तुळशीच्या जातीच्या कुठल्याशा पानांचा. यांपैकी एकही त्याने सोडला नाही. "आज हाय, उद्या नाय," हे त्याचे पालुपद.

सर्वांना ओट्यावर बसवून तो प्रत्येकाच्या तळहातावर एकेक पळी घाली. अभिप्राय सर्वांसमक्ष द्यावा, ही अट. "बरं आहे" हा अभिप्राय त्यास मान्य नसे. माझ्या पत्नीने रताळ्याचे पेय उपासाला चालेल का, असे विचारले, तेव्हा प्रसन्न होऊन त्याने तिला दुसरी पळी दिली. भोईरवहिनी मात्र आतून बजावत, पळी घासून ठेवा, उद्या देवाला ठसका लागेल.

पुढे तो कायमचा परतला. बाटल्या संपल्या, तशी मंडळीही पांगली. मग त्याने घरच्या घरी स्वाद काढण्यास आरंभ केला. निर्मळच्या केळफुलाचा सोडा लोकांनी सोसला. पाचूबंदरच्या सुक्या जवळ्याचा, म्हणजे बारीक कोळंबीचा, सोडा निघाला, त्या दिवसापासून गल्लीतील दारे वेळेआधी लागू लागली.

एके सकाळी तो माझ्या टेबलाशी आला.

"भाऊसाहेब, काकडीचा सोडा परत चालू करावा, असा अर्ज पायजे. तिकडच्या कंपनीला."

मराठी अर्ज तिकडे वाचणार कोण, असे मी त्यास विचारले. तुमचा अर्ज आजवर परत आलेला नाही, असे तो म्हणाला. हे विधान वस्तुस्थितीस धरून असल्याने मी टाइपरायटरवर कागद चढवला. मायना झाला, विनंती झाली, आणि मी कारणापाशी थांबलो. कारणाविना अर्ज मी करीत नाही.

"चव उत्तम होती, असं लिहू?"

"छे. बेकार व्हती. काकडी धुतलेल्या पान्यात साखर टाकल्यावानी."

"मग कारण काय?"

 तो टाइपरायटरकडे पाहत सांगू लागला. भाषा येत नव्हती, कारखान्यात सारे त्याला हातवारे करून काम दाखवीत. जेवणाच्या सुट्टीत बाकाच्या टोकाला तो एकटा बसे. एका दुपारी कोणीतरी पेयांच्या यंत्रातून काकडीच्या सोड्याची बाटली काढली आणि त्याला हाक मारली.

"पयल्यांदा नावानं बोलावला मला. एक घोट घेतला, माझं तोंड बघून सगले हसले. मी पन हसलो. मंग कुठला बी नवा स्वाद येऊ दे, पयला घोट माझा. माझ्याबिगर बाटली फोडायचे नाय."

तो पुढे म्हणाला, "हितं मला कोन नावानं हाक मारत नाय. मीच मारत फिरतो."

हे कारण कंपनीच्या अखत्यारीत येत नाही, असे मी त्यास सांगितले व कागद उतरवला. तो निघून गेला.

त्यानंतरच्या रविवारी मी इस्त्रीचा सदरा घालून त्याच्या ओट्यासमोर उभा राहिलो.

"हरेश्वर!"

प्रथम वहिनी डोकावल्या, बाहेरगावचे कोण आले ते पाहण्यास. त्यांच्यामागून तो आला. मी उजवा तळहात पुढे केला. तो आत धावला आणि पळी घेऊन आला. वासावरूनच कळले, जवळ्याचा होता.

मी तो घोट पूर्ण घेतला. माझ्या चेहऱ्याचे काय झाले ते मला दिसले नाही. पण हरेश्वर पोट धरून हसला आणि समोरच्या घराची कडी निघाली.