टाकी थंड होईपर्यंत

आमच्या शेजारचे मिलिंदमामा कुणालाही जय भीम घालण्याआधी त्याच्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाला नाक लावतात. मालक बिचारा हात जोडून उभा, आणि मामा टाकीपाशी वाकून, डोळे मिटून हुंगतायत! नांदेडात अर्धापूर रोडला, घराला लागूनच त्यांचं गॅरेज आहे. ब्रेक, क्लच तेही करतात, पण जीव अडकलाय तो पेट्रोलच्या वाफेत.

"पेट्रोल इंजनात जळालं तर ठीक हाय. वाफ करून हवेत कामून सोडायची?" हा त्यांचा आवडता सवाल. उत्तर द्यायला थांबलात तर दुपार गेली समजा. मग धुराचं मशीन निघतं. टाकीच्या नळ्यांमध्ये पांढरा धूर भरून मामा टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटतात. जिथून धूर निघेल तिथून वाफ गळते, इतकं सोपं. पण गळती सापडली की त्यांना असा आनंद होतो, की मालकालाही आपल्या बिघडलेल्या गाडीचा अभिमान वाटावा.

मामी गेल्यापासून मामा घरी एकटे. लेक सुजाता लातूरला नोकरीला. मागच्या महिन्यात ती नवऱ्यासोबत मुक्कामाला आली, आणि दुसऱ्याच दिवशी निघायचं म्हणून डिकीत पिशव्या भरू लागली. मामांचा चेहरा सकाळपासून उतरलेला. 'आजच्या दिवस राहा गं' एवढं म्हणणं त्यांना काही जमत नाही.

"थांबा जावईबापू, वास येऊन राहिला," मामा एकदम म्हणाले. "अशी गाडी रोडला न्हाई सोडायची."

मशीन लागलं. मी आपला कुंपणावरून बघत होतो. धूर कुठूनच निघेना. तेवढ्यात मामांनी खोकल्यासारखं करत टाकीच्या झाकणाला हात लावला आणि ते हळूच सैल केलं. लगेच धूर!

"बघा! लई गळून राहिलं. आता टाकी रातभर थंड होऊ द्यायची. सकाळी पुन्हा तपासू."

मला हसू आवरेना. माझ्या गाडीची हीच तपासणी त्यांनी चहा येईपर्यंत उरकली होती.

सुजाता पुढे आली. तिचं लहानपण याच गॅरेजात गेलेलं. बापाकडे बघत तिने झाकण टक्‌टक् वाजेपर्यंत घट्ट फिरवलं. धूर थांबला. मामांनी मान खाली घातली.

"अहो, पिशव्या काढा," ती नवऱ्याला म्हणाली. "बाबा म्हणून राहिले, तर टाकी थंड होऊ द्यावी लागंल."

 मामांनी जावयाला एकाही पिशवीला हात लावू दिला नाही. सगळ्या स्वतःच घरात नेल्या.